औषध न लागणारे टमाटे

लातूर,
३ नोव्हेंबर २००४, बुधवार

चि. उद्धव,

तुला, उमाला आणि लेकरांना आशीर्वाद. इकडे आम्ही दोघी मायलेकी बऱ्या आहोत. तुझे दाजी महिन्यातून एकदा देवणीहून येतात, शाळेतल्या गमती सांगतात, 'आमची डॉक्टरीणबाई' म्हणून मृण्मयीच्या डोक्यावर टप्पल मारतात आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने परत जातात.

टमाट्यांबद्दल विचारायचं आहे. हसू नकोस. भोकरमध्ये भावाचं बियाण्याचं दुकान आणि बहिणीच्या दारचे टमाटे मरतात, याला दिव्याखाली अंधार नाही तर काय म्हणायचं? आमच्या घरमालकीण नागुबाईंनी खोल्यांमागची वीतभर जागा मला दिली आहे. भूकंपानंतर त्यांनी स्लॅबचा धसका घेऊन पत्र्याच्या खोल्या बांधल्या. आता त्या सगळ्या खोल्यांत क्लासची मुलं आणि त्यांच्या आया राहतात. त्या वीतभर जागेत मी पुसा रुबीची रोपं लावली, तर महिन्याभरात पानं आकसून वर वळली आणि शेंडे खुरटले. तू म्हणालास, हा चुरडा-मुरडा, पांढऱ्या माशीने पसरतो. जी झाडं त्यातून वाचली त्यांना करप्याने धरलं.

तू धनश्री लावायला सांगतोस. चुरडा-मुरड्याला ती बरीच टिकते म्हणतोस. बरीच म्हणजे किती, ते नीट सांग. मला एक थेंबही फवारावा लागणार नाही अशी जात हवी. आपल्या आईच्या परसात ते चपटे, आंबट गावरान टमाटे यायचे, त्यांना कुणी कधी औषध दाखवलं नव्हतं. तसलं बी कुणाकडे उरलं असेल तर ते दे. फळ कमी आलं तरी चालेल, बेचव निघालं तरी चालेल.

नागुबाई म्हणतात, "अवो ताई, टमाट्याला औषध मारावंच लागतंय. उगंच हट्ट करायलाव तुमी." त्यांचं खरं असेल. पण या घरात औषधाची बाटली येणार नाही.

गंजगोलाईत बियाण्याची दुकानं काय कमी आहेत, असं तू म्हणशील. मी गंजगोलाईत जात नाही. भाजीसुद्धा नागुबाई आणून देतात. सोमवारपासून मृण्मयीला घरात एकटं सोडून मी बाहेर पाऊल टाकलेलं नाही, आणि काल-आज तिला क्लासलाही पाठवलेलं नाही.

आता लिहितेच. किती वेळ टमाटे टमाटे करू?

सोमवारी तुझं पत्र आलं. त्यात तू कौतुकाने लिहिलं होतंस की भाचीने फोन करून टमाट्यांसाठी औषध मागितलं, पोरगी शेतीत लक्ष घालते आहे, आणि एसटीच्या कंडक्टरकडून बाटली मिळाली ना? उद्धव, मला त्या फोनचं काही माहीत नव्हतं. बाटली मी पाहिली नव्हती. झाडांवर कुणी काही मारलं नव्हतं. मी तिची ट्रंक उघडली. स्वेटरखाली बाटली होती. सील तसंच होतं. मी ते अंगठ्याने किती वेळा चाचपून पाहिलं कोण जाणे.

नागुबाईंच्या हातात ती बाटली दिली. त्यांनी ती पदराखाली घेतली आणि तिथूनच जावयाच्या शेतावर पाठवून दिली.

मृण्मयी क्लासहून आली. मी ताट वाढलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "टमाट्यांचं औषध कुठंय गं?"

तिने ताट मागे सारलं. मग म्हणाली, "टमाट्यांसाठी नव्हतं ते, आई."

तिला वरच्या बॅचमधून काढून दोन महिने झाले म्हणे. वर्गात बसते, पण डोक्यात काही शिरत नाही. बाबांनी सगळ्या देवणीला सांगून ठेवलंय, त्यांना तोंड कसं दाखवू, म्हणाली. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

भूकंपाच्या पहाटे ती सहा वर्षांची होती. भिंत हलली तशी मी तिला उचललं आणि अंगणात पळाले. तेव्हा काय करायचं ते कळलं होतं. आता नुसता तिचा हात धरून बसते. ती मोरीत गेली की दाराशी उभी राहते. आतून ती म्हणते, "आहे गं आई, मी आहे." माझा तिच्यावर विश्वास उरला नाही हे तिला दिसतं, आणि तेही तिला लागतं. मला फार भीती वाटते, उद्धव.

तुला दोष देत नाही. भाचीने मागितलं तर कुणीही पाठवलं असतं. पण आम्हाला इथून घेऊन जा. तुझ्या दाजींना मी काही कळवलेलं नाही. ते येतील, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे म्हणतील, आणि मी नेहमीसारखी गप्प बसेन. ते तुझं ऐकतात, तेव्हा त्यांना तूच सांग. ती डॉक्टरीची सीईटी गेली खड्ड्यात.

टमाट्यांचं मात्र ती अजून विचारते. काल म्हणाली, "मामाला विचार, धनश्री आता लावली तर येईल का." तेवढ्या एका वाक्यावर मी कालपासून तग धरून आहे. तुझ्या परसात रोपं टाकून ठेव. गावरान मिळालं तर तेही टाक.

अडचण तुझ्या घराचीच आहे. पुढच्या खोलीत दुकान, भिंतीला छतापर्यंत औषधाच्या बाटल्या, आणि आत-बाहेर करायला तेवढं एकच दार. बियाणं राहू दे, बाकी सगळं घरातून हलव. ऐन हंगामात गिऱ्हाईक तुटेल, उमा चिडेल, मला कळतं. मोठी असून आज तुझ्यापुढे पदर पसरते.

मृण्मयीचा डोळा लागला आहे तोवर लिहून घेतलं. ही चिठ्ठी नागुबाई स्टँडवर नेऊन कंडक्टरकडे देतील. मिळाली की त्यांच्या फोनवर फोन कर. मृण्मयी शेजारीच असेल, मला फार बोलता येणार नाही. शेवटची बाटली घराबाहेर गेली असेल तरच 'या' म्हण. जमणार नसेल तर 'नाही' म्हण, मी दुसरं दार शोधीन. पण माझं मन राखायला म्हणून 'हो' म्हणू नकोस.

तुझ्या भरवशावर बसलेली,
सौदामिनीताई