उललेलं डाळिंब

रवि. २४ नोव्हें. ९६, कन्हेरी (ता. बारामती)

डेअरीला सुट्टी. सकाळी भाकरी-वांगं, संध्याकाळी भाकरी-वांगं. वांगी उत्तम होती. तक्रार वांग्यांबद्दल नाही.

आज मुद्दाम आठवून पाहिलं. मुंबईत शिकत असताना कुमुद आणि मी (ती हॉस्टेलवरची खोलीसोबतीण, आता माटुंग्यातच नोकरीला) थंडीतल्या एका रविवारी पायी निघालो होतो. माटुंग्याच्या बाजारात केळफूल, ओली हळद, केळीची पानं. दादरला वसईवाल्या बायकांच्या टोपल्यांत राजेळी केळी, तोंडली, अळू. दुपारी भुलेश्वरला उंधियू आणि पोंक. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण ती माणसं तो लिंबू-साखरेच्या शेवेबरोबर खातात. मी आधी हसले, मग दोनदा घेतला. शेवटी भेंडीबाजारात पाया, म्हणजे खुरांचा रस्सा. हाताला वास दुसऱ्या दिवशीपर्यंत.

लोक नोकरीसाठी मुंबईला जातात, नवऱ्यासाठी जातात. मंडईसाठी जायचंय म्हटलं तर वेड्यात काढतील. म्हणून बोलत नाही. इथे लिहिते.

बुध. २७ नोव्हें.

डेअरीच्या प्रयोगशाळेत दिवसभर दुधाचं फॅट. ॲसिड, दूध, अल्कोहोल, फिरवा, वाचा. अंगठ्यावर ॲसिडचा नवा डाग.

शेजारच्या टेबलावर रेहाना. भिगवणची, वडील मासळीच्या धंद्यात. डब्यात मरळ घेऊन आली होती. खाताना तिला विचारलं, मोठी मरळ घरी कधी येते?

"आमच्या घरी? वेडी का काय. मोठी बर्फात घालून पुण्याला. आम्हाला शेपटाकडचं आणि बारकं. अब्बा म्हणतात, मासळीवाल्याच्या घरात काटेच जास्त."

आमच्याकडे डाळिंबांचं तेच. अख्खं फळ व्यापाऱ्याला, उललेलं घरात. लहानपणी मला वाटायचं, डाळिंब झाडावरच फुटक्या तोंडाचं येतं.

रेहाना म्हणाली, "तुला मुंबई नाही आवडत. तुला मुंबईचं जेवण आवडतं."

"फरक सांग."

तिने डबा बंद केला, मी पुन्हा ॲसिडकडे.

शनि. ३० नोव्हें.

फळांच्या रसाच्या कंपनीचं बोलावणं आलं. मुंबई. पद: चव-परीक्षण विभागात सहायक. अर्ज सप्टेंबरात केला होता, घरी बोलले नव्हते. आज सांगितलं.

आई : "म्हंजे दिसभर रस प्यायचा? आन् त्याचा पगार देत्यात?"

आबा पानाला चुना लावत राहिले. मग म्हणाले, "हितं काय कमी हाय तुला?"

"काही कमी नाही, आबा."

"मग?"

मी बोलावण्याचं पत्र घडी घालून आत नेलं.

सोम. ९ डिसें., मुंबई

लिहून ठेवते, जसं झालं तसं.

पहिली चाचणी : तीन कप, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखायचा. सगळ्या फेऱ्या बरोबर. विभागप्रमुख मॅडमनी (पारशी, वय झालेल्या, कानात मोती) मान हलवली.

दुसरी : डाळिंबाचा रस. आकडे टाकलेले कप आणि एका कपावर फक्त 'R', म्हणजे संदर्भ. तो आदर्श धरायचा आणि बाकीच्यांना त्याच्या तुलनेत गुण द्यायचे. मी R चाखला. आंबट नव्हता. कोवळा होता. जिभेच्या कडेला तुरट. पुन्हा चाखला. तेच.

गुण द्यायचे सोडून मी कागदावर लिहिलं : "R ला संदर्भ मानता येत नाही. फळ झाडावर पूर्ण पिकलेलं नाही."

पॅनेलवर बसलेल्याने संदर्भाशी भांडायचं नसतं. हे पहिल्याच वर्षी शिकवतात. मला माहीत होतं आणि तरी हात लिहून मोकळा झाला.

मॅडमच्या शेजारचा तरुण साहेब हसला. "बाजारातली सगळ्यात महाग फळं आहेत ती. एकसारखी, निवडक."

मॅडमनी विचारलं, "तू डाळिंबं कधीपासून खातेस?"

"आमची बाग लागल्यापासून."

"कसली डाळिंबं?"

"उललेली."

समजावून सांगावं लागलं. उलणं म्हणजे पिकणं नव्हे. झाडाला पाण्याचा ताण पडतो, मग एकदम पाणी मिळतं, साल फाटते. पण विकायचं फळ व्यापाऱ्याच्या गाडीच्या वेळेला तोडतात. उललेलं विकायचंच नसतं, म्हणून तोडायची घाई कुणालाच नसते. कीड-पाखरांतून वाचलं तर ते झाडावर राहतं आणि शेवटपर्यंत पिकतं. मी आयुष्यभर तेच खाल्लंय. माझ्या जिभेचा संदर्भ तो आहे.

तरुण साहेब : "म्हणजे तुम्ही रिजेक्ट माल खाऊन वाढलात."

"हो."

'कळवू' म्हणाले.

मंगळ. १० डिसें., मुंबई

नोकरी गेलीच असं धरून चालले. गाडी दुपारची. सकाळी कुमुदबरोबर इराण्याकडे ब्रून मस्का. मग एकटीच भायखळ्याच्या घाऊक बाजारात.

ट्रक उतरत होते. नाशिकची द्राक्षं, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी, कुठलीशी हिरवी सफरचंदं. एका फळीवर आमच्याकडची डाळिंबं, कागदाच्या कात्रणात, गालाला गाल लावून. एकही उललेलं नाही. विकणाऱ्याला विचारलं, फुटकी असतात का?

"फुटका? ताई, फुटका माल विकून मी उपाशी मरू?"

हे गाव सगळं खातं, सगळ्या मुलखांचं खातं, म्हणून मला ते आवडतं. आज पहिल्यांदा दिसलं की इथे एक गोष्ट मिळत नाही आणि ती आमच्या परड्यात पडलेली असते. त्याने आवडणं कमी झालं नाही. उलट अजून यावंसं वाटतंय, भांडायला.

कुमुदसाठी पडवळ घेतलं, घरी ओली हळद.

गुरु. १९ डिसें., कन्हेरी

तोडा चालू. पहिली पाटी बिरोबाला. मग व्यापारी प्रत बघून बाजूला काढत गेला. उरलेली आईच्या पाटीत.

आई ओल्या हळदीचं लोणचं चाटून म्हणाली, "बरं लागतंय की गं हे. हितं का मिळत न्हाय?"

तिला अजून वाढलं. बरं वाटलं.

शुक्र. २७ डिसें.

दोन गोष्टी एकाच दिवशी.

सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. डेअरीत मला कायम करतायत. अट : दोन वर्षं सोडता येणार नाही, तसं लिहून द्यायचं. शनिवारी चार तारखेपर्यंत सही.

दुपारी डेअरीच्या फोनवर मॅडम. स्वतः. "तुझी ती फुटकी डाळिंबं घेऊन ये. मंगळवारी सातला, सकाळी अकराला. पाच जणांचं पॅनेल बसवते, कप झाकून. तू म्हणतेस ते खरं असेल तर मला तू इथे हवीस. नसेल तर तुझं तुलाही कळेल."

रेहाना सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "कायमची नोकरी आणि फुटकं डाळिंब. अलके, तुझ्या जागी कुणी विचारसुद्धा करणार नाही."

"मीही करत नाहीये."

"कुठल्या बाजूने?"

साहेबांकडे आठवड्याची मुदत मागितली. "बाई, रांग लागलीय या जागेला." मुदत नाही.

शनि. ४ जाने. ९७

सही केली नाही. साहेबांनी कागद परत ओढून घेतला, टोपण लावलं. महिनाअखेरीस कामावरून मोकळी. निघताना रेहानाने डब्यातला मरळीचा मोठा तुकडा माझ्या झाकणात ठेवला. "पुण्याला जाणारी होती, अब्बांकडून भांडून ठेवून घेतली. खा आणि जिंकून ये."

मुंबईत जमलं नाही तर इथेही काही नाही. हे मला नीट समजलेलं आहे.

रवि. ५ जाने.

सकाळी बागेत. सगळ्यात उशिरा राहिलेली उललेली फळं हाताने निवडली. वास घेऊन, कीड बघून. प्रत्येकातला एक दाणा काढून ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, पाहिलं. व्यापाऱ्याच्या पुढच्या गाडीसाठी काढून ठेवलेल्या प्रतीतलं एक फोडून पाहिलं. फरक स्पष्ट. पण यंत्र गोडी मोजतं, चव नाही.

आई : "ही न्हेतीस? फुटकी?"

"हीच पाहिजेत."

"अगं, शहरातल्या लोकांच्या पुढ्यात फुटकं फळ ठेवायचं? आपल्या घरात पाव्हण्याला कुणी कवा उललेलं दिलंय का? काय म्हणंल ती बाई, ह्यांच्यात रीतभात न्हाय."

"आई, त्यांनी तेच मागितलंय."

"मागत्यात. मागणाऱ्याचं काय. देणाऱ्यानं बघावं."

मी फळं पाटीत भरून घरी आणली.

आबा गोठ्यापाशी बसले होते. जवळ बोलावलं. सहीचं कालच कळलं होतं त्यांना.

"त्या दिशी इचारलं, काय कमी हाय. तू बोलली न्हाईस."

"इथे सगळं आहे, आबा. पण रोज तेच आहे."

त्यांनी लहानपणचं काढलं. कधी काढत नाहीत. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन आजोबांचा वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ, कोकणात उतरायचा. तिथे तांदळाची भाकरी, सुकट, कोकमाचं सार. "मला तर उतरायच्या आधी महिनाभर त्या साराची सय यायची. आई म्हणायची, हे प्वार मेंढरासाठी चालतंय का सारासाठी? पुढं मेंढरं विकली, कॅनॉलचं पानी आलं, बसलो एका जागी. बरंच झालं. पण सार काय पुन्यांदा तसं न्हाय मिळालं."

मग हसले. "चारा जिकडं, तिकडं वाडा. तुझाबी चाराच म्हणायचा तो."

मी म्हटलं, "व्हय." आपोआप आलं.

पेटी भरायला बसले तर आई म्हणाली, तू कपडे आवर, पहाटेची गाडी हाय, मी बांधते. फळं तिच्या समोर होती, कात्रण होतं. सुतळीच्या तिच्या गाठी माझ्यापेक्षा पक्क्या. दिली.

सोम. ६ जाने., मुंबई

सकाळी लवकर बारामती स्टँड. पेटी मांडीवर, टपावर टाकू दिली नाही. कंडक्टर : "सोनं हाय का काय?" आईने निघताना फडक्यात बांधून उललेली तीन वेगळी दिली होती. "ही तुला, वाटंत खायला." एक मी खाल्लं. शेजारी मोरगावची एक बाई होती, लेकीच्या बाळंतपणाला निघालेली. दुसरं तिला दिलं. दाणे तोंडात टाकून म्हणाली, "आगं बया, साखरच की."

संध्याकाळी कुमुदच्या खोलीवर. तिने पडवळाची भाजी आणि भात केला होता. दमले होते. पेटी उद्याच उघडायची, तेवढी हवा कमी लागेल.

मंगळ. ७ जाने., सकाळी

पेटी उघडली.

पहिला थर अख्खा. लाल, गोल, पुसून लख्ख. वाटलं, आईने रीत म्हणून वर चांगली लावली. दुसरा थर उचलला. अख्खा. तिसरा. सगळी अख्खी. व्यापाऱ्याने सगळ्यात वरच्या प्रतीत काढलेली. घरात आम्ही कधी चाखलीही नाहीत अशी. एकही उललेलं नाही.

चूक तिची नाही. ती पेटी परक्या दारात जाणार होती, तिने तिच्या परीने सगळ्यात चांगलं दिलं. मी पुन्हा उघडून बघायला हवं होतं. नमुना सील करताना स्वतः हजर राहावं, हेही पहिल्याच वर्षी शिकवतात.

कुमुद म्हणाली, फोन कर, पुढची तारीख माग. पुढची तारीख कुणी देणार नाही. ही अख्खी नेऊन ठेवली तर तो R आणि हा रस सारखेच कोवळे निघायचे.

मग पिशवीतलं फडकं आठवलं. 'वाटंत खायला'. तीनमधलं एक उरलंय. घरच्या माणसाच्या वाटणीचं, तिच्या लेखी पाहुण्याला न चालणारं. सोडून पाहिलं. साल वरपासून मधोमध फाटलेली, आत दाणे गडद. बुरशी नाही. वास योग्य.

एका फळाचा रस. पाच जण. कपाचा तळ झाकेल इतकाच येईल प्रत्येकाला. एक घोट, पुन्हा चाखायची सोय नाही. पुरेसा आहे की नाही ते सांगता येत नाही. संख्याशास्त्र म्हणेल, नाही.

अख्ख्यांची पेटीही नेते. मॅडमना आईकडून म्हणून देईन. ती खरीच भेट आहे.

परतीच्या गाडीचं आरक्षण केलेलं नाही. जमलं तरी, नाही जमलं तरी दुपारी भुलेश्वरला पोंक खाणार आहे.

कुमुद विचारते, चाकू देऊ का बरोबर? नको म्हटलं. हे फळ उघडायला चाकू लागत नाही.