अंतराळयानाची पोथी

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आता भांडायला तुमच्या या लेकीला पुन्हा तुम्हीच आठवलात. काचबिंदूनं माझे डोळे खाल्ले. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा, असं नांदेडच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. म्हणून सूनबाईनं फोनवर कादंबऱ्या ऐकायची सोय करून दिली. तुमच्या त्याच, विज्ञानाच्या. हे पत्र मी जाड पेनानं मोठ्या अक्षरात लिहून राहिले. ओळीवर ओळ चढली असेल तर चढू द्या.

ऐकते, पण जीव रमत नाही हो. एक बाई वाचते, ती यंत्रमानव बोलला की डब्यात तोंड घातल्यासारखा आवाज काढते. दुसरा एक जण जरा स्फोट झाला की मागं ताशे बडवतो. अन् लिहिणारे तरी काय! परग्रहावरचे लोक हमेशा मोठ्या शहरातच उतरतात, आपल्या लातूरकडच्या मुरुडाला कधी कुणी उतरलं नाही. मला आपल्या संथ कादंबऱ्या बऱ्या वाटतात, ज्यात माणसं यानात नुसती बसून घरची आठवण काढतात. पण खरी खोट वेगळीच आहे. अर्थ सांगायला कुणी थांबतच नाही.

ती सवय तुम्हीच लावली. लातूर जिल्हा नवा नवा झाला होता, अन् पावसानं पाठ फिरवलेली. आपल्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. श्रावणात तुम्ही ओट्यावर पोथी वाचायचे. त्या साली पोथी संपली तरी टँकर येईना, बाया घागरी मांडून बसलेल्या. मग तुम्ही लातूरच्या वाचनालयातून आणलेली कादंबरी काढली अन् पोथीच्याच चालीवर वाचायला घेतली. थोडं वाचायचं, ओळीवर बोट ठेवायचं, मग अर्थ सांगायचा. अजून दिसतंय मला: शेजारची काकू उठते, पुस्तकाला कुंकू लावते, तुम्ही ओरडता, "अहो काकू, वाचनालयाचं हाय ते!" यान मंगळाकडं निघतं अन् समद्या बाया हात जोडतात. मी खदाखदा हसते, तुम्ही डोळे वटारता.

"अप्पा, तिथं पाणी हाय का?" काकूनं विचारलं.

"न्हाई."

"मग कशाला मराया गेले मुडदे?"

तुम्ही चष्मा काढून पुसत बसलात. "बघायला गेले, काकू. आपण न्हाई का, टँकर कुठवर आला म्हणून फाट्यापर्यंत जात?"

मध्यंतरी फोनवर एक वाचणारा सापडला. जाडसर, जरा घोगरा आवाज, वाक्य संपताना खाली बसणारा. अगं बाई, हे तर अप्पाच! मी सुनेसमोर ढसाढसा रडले. तेव्हापासून त्याचंच ऐकते, कादंबरी कितीही भिकार असो. थोडं झालं की फोन थांबवते अन् भिंतीला अर्थ सांगते.

परवा फोन बिघडला. म्हटलं, बरं झालं, मंगळाचा तो प्रसंग आता तुमच्याच तोंडून आठवू. डोळे मिटले. काकू आली, घागरी आल्या, शब्दही आले. पण आवाज त्याचा होता, अप्पा. त्या परक्या माणसाचा. तुम्ही मला हाक मारताना, रागावताना, शेवटच्या आजारपणात पाणी मागताना, सगळीकडं तोच बोलतोय. तो खरंच तुमच्यासारखा होता का, तेही आता सांगता येत नाही. तुमचा आवाज कुठं भरून ठेवलेला नाही, अन् ताडून बघायला विचारावं असं माणूसही कुणी उरलं नाही. काय करू मी, सांगा ना.

हे पत्र घडी करून उशीखालीच राहणार, दुसरीकडं जाणार तरी कुठं. फोन दुरुस्त होऊन आलाय. त्याला ऐकायचं नाही, असं ठरवलं होतं. ठरवलेलं दुपारपर्यंतसुद्धा टिकलं नाही. आत्ता हे लिहितानाही तोच वाचतोय. बंद केला, तर घरात तेवढेही अप्पा राहत नाहीत.