चूक कबूल करणे : दहापैकी शून्य

ती. स्व. दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जमेल तेवढीच वाकले असं समज). तुझा रक्तदाब कसा आहे? वहिनी अजून तुझ्या चहात साखर मोजूनच घालतात ना? आठ महिने तू माझ्याशी बोलत नाहीस, फोनवर मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून हे कागदावर. निवडणुकीच्या दिवशी आईच्या घरी जे झालं त्याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. बातमीच अशी आहे की कधी एकदा तुला सांगते असं झालंय!

राजकारणावर भांडणाऱ्यांचा आमचा 'सडेतोड' नावाचा ऑनलाइन ग्रुप आहे. एकशे चाळीस सभासद, सगळे टोपणनावांनी, मी 'अक्कलदाढ' (दिवसभर कवळ्या बनवणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार?). गेल्या महिन्यात शिवीगाळ इतकी वाढली की ग्रुप चालवणारे निवृत्त हवामान अधिकारी वैतागले. "आठवडाभर सरकार नाही, विरोधक नाही. एकमेकांचे गुण बघा!" असं त्यांनी फर्मान काढलं. प्रामाणिकपणा, अभ्यास, संयम, विनोदबुद्धी आणि चूक कबूल करणे. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे आणि खाली एका ओळीत कारण. बेरजेत पहिला येईल तो ग्रुपचा पंच. (कुणाचाही मजकूर उडवायचा अधिकार! दादा, मला घास गोड लागेना.)

गुण द्यायला सांगितले, तर या लोकांनी त्याचीही निवडणूक केली. दुसऱ्याच दिवशी आघाड्या झाल्या. आम्ही त्यांना विनोदबुद्धी द्यायची, त्यांनी आम्हाला अभ्यास, असा गुपचूप समझोता ठरला. संयमावरून मात्र बोलणी फिसकटली. मला 'विकली गेलेली' म्हणणाऱ्या गृहस्थांनी प्रामाणिकपणात नऊ दिले, आणि मीही लाज गुंडाळून ठेवून त्यांना आठ दिले. संयमात जो पहिला आला, तो कुणीतरी फेरमोजणी मागितल्यावर हवामानवाल्यांना वाट्टेल ते बोलून ग्रुपच सोडून गेला. या धांदलीत मी एका वकिलांची कवळी गाणं शिकवणाऱ्या बाईंना पाठवून दिली. बाई तावातावाने तक्रार करायला आल्या, पण ती कवळी तोंडात असल्यामुळे तक्रारीतलं एक अक्षर मला कळेना.

आणि दादा, मी पहिली होते! चार गुणांत माझ्या आसपास कुणी नव्हतं. पाचव्यात, म्हणजे चूक कबूल करण्यात, समोरच्या बाजूच्या 'भुंगा' नावाच्या इसमाने मला शून्य दिलं आणि मी दोन गुणांनी दुसरी झाले. हा भुंगा सहा महिने माझं डोकं पोखरतोय. मी काही लिहिलं की दहा मिनिटांत उत्तर, तेही पुराव्यासकट. (एखादा दिवस तो आला नाही तर मला करमत नाही, पण हे आपल्यातच ठेव.) शून्याखाली त्याने कारण लिहिलं होतं : 'हरायला लागली की कॅरम बोर्ड उलथते, वर वाऱ्याने पडला म्हणते.'

मी हातातली कवळी खाली ठेवली. मग इतकी हसले की शेजारचा चष्मेवाला काय झालं म्हणून बघायला आला. बोर्ड उलथायचा प्रकार मी जन्मात दोनदाच केलाय, आणि दोन्ही वेळा समोर खेळायला एकच माणूस होता.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गोळ्या वेळेवर घेत जा.

तुझी,
धाकटी

ता. क. फेरमोजणीमुळे गुण बदलायची मुदत येत्या रविवारी दुपारी बारापर्यंत वाढवली आहे. शून्याचे तीन केलेस तरी माझं काम होतं. पत्र लिहायचं खरं कारण हेच.

आणखी एक ता. क. हेच, असं वर लिहिलंय ते खरं नाही. त्या दिवशी मी आईदेखत म्हणाले की तुला आईच्या आजारपणापेक्षा तुझा पक्ष मोठा आहे. तिच्या उशाशी रात्रंदिवस तूच होतास, हे बोलतानासुद्धा मला माहीत होतं. चुकले मी, दादा. शून्य हवं तर तसंच राहू दे, फोन तेवढा उघड.

(दोन्ही जमलं तर उत्तमच. बाराच्या आत.)