परंड्याचा एकमेव आर्किटेक्ट

३ आजूर १३५१ फसली
आजपासून सरकारी फसली तारखा लिहिणार. इंग्रजी कॅलेंडरात आज ८ ऑक्टोबर १९४१ आहे, पण ज्याला सरकारची सनद घ्यायची त्यानं सरकारची तारीख लिहावी.

डोकं भणभणतंय. कचेरीच्या भिंतीवर उर्दूत हुकूम चिकटवलाय. यापुढं गावात घर बांधायचं तर आधी कचेरीत नकाशा द्यायचा, आणि नकाशावर सनदवाल्या माणसाची सही पाहिजे. ज्याच्याकडं सनद नाही त्यानं स्वतःला आर्किटेक्ट म्हणवायचं नाही. मुदत बहमन महिन्याच्या अखेरपर्यंत, म्हणजे तीन महिने. सनदेसाठी उस्मानाबादला इम्तेहान, म्हणजे परीक्षा.

इम्तेहान, आणि माझा. बारा वर्षं या परंड्यात मी एकटा आर्किटेक्ट आहे. सोलापूरला साहेबाच्या ऑफिसात सात महिने काढलेत. निळे नकाशे उन्हात धरून छापायचं सगळं काम माझ्यावर होतं. ढग आला की खुद्द साहेब मला विचारायचा, आता काय करायचं. माझा इम्तेहान घेणारा अजून जन्माला यायचाय.

५ आजूर
कचेरीतल्या कारकुनाला, पेशकाराला, गाठून चांगला झापणार होतो. तो जेवायला गेला होता. दोन तास थांबलो, त्यात राग थोडा उतरला.

पेशकार म्हणाला, इम्तेहान टाळता येतो. गेल्या दहा वर्षांत बांधलेली दहा उभी घरं दाखवायची, त्यांचे नकाशे फूट-इंचात जोडायचे, इन्स्पेक्टर येऊन टेपनं ताडून बघेल. जुळलं की सनद. उशिरा का होईना, सरकारला अक्कल आली. माझी तर बावीस घरं उभी आहेत. त्यातली दहा निवडायची, एवढाच त्रास.

दरख्वास्त, म्हणजे अर्ज, मी स्वतः उर्दूत लिहिली. पेशकारानं त्यात चार चुका काढल्या. माणूस जळका आहे.

६ आजूर
घरी बायकोला सांगितलं. सत्यभामा म्हणाली, रामकिसनदादाचा जवळच्या वाशीहून निरोप आलाय, त्याच्या अडतीवर पत्रं लिहायला माणूस पाहिजे. सनदेचं नाही जमलं तर बघा. मी म्हणालो, मेव्हण्याच्या अडतीवर ज्वारीच्या पोत्यांत बसून पत्रं लिहिण्यापेक्षा किल्ल्याच्या खंदकात उडी टाकीन. ती म्हणाली, मी नुसतं सांगितलं.

रागानं जेवलो नाही. नंतर जेवलो, पण रागातच.

९ आजूर
जुने नकाशे शोधले. ट्रंक, माळा, देवळी, सगळं उपसलं. एकही नाही. मग आठवलं, काढलेच नव्हते. खऱ्या आर्किटेक्टचा नकाशा डोक्यात असतो. मी जागेवर जायचो, लिंबाखाली बसायचो, नागप्पा गवंड्याला सांगायचो की इथं खोली येऊ दे, तिथं पडवी येऊ दे. तो मान हलवायचा आणि बांधायचा. कागदाची गरजच पडली नाही.

आता सरकारला कागद हवेत तर देऊ. घर आधी आणि नकाशा नंतर झाला तर बिघडलं कुठं? रोज दोन. दिवाळीच्या आत दहा होतील.

२७ आजूर
नकाशे झाले: शून्य. लढाईमुळं चांगला कागद मिळत नाही. दिवाळीला पाहुणे होते. शिवाय संतापात रेघ सरळ येत नाही, आणि पेशकार रोज रस्त्यात विचारतो की कुठवर आलं.

४ दै
कुर्डुवाडीहून कागद आणवला. आता मापं. टेप घेऊन घरोघर फिरणं मला शोभणार नाही. लोक विचारतील, तुमीच बांधलेलं घर तुमीच काय मोजताव?

युक्ती काढली. नागप्पाला बोलावलं. हा गवंडी निरक्षर, पण डोक्यात सगळं भरलेलं. उकिडवा बसला आणि बोटं मोडत, कानडीत आकडे पुटपुटत, दहाही घरांची मापं घडाघडा सांगितली. अण्णारावांचं घर बारा हात लांब. बब्रुवानचंही बारा हात. असं सगळं हातातच. दीड फुटाचा एक हात हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मी गुणाकार करत गेलो.

मधेच नागप्पा म्हणाला, साहेब, पर हात कुणाचा त्ये बी ल्ह्या की. मी म्हणालो, तू हात सांग, फुटाचं मी बघतो. तो पुढचं घर सांगू लागला. या लोकांना वेळीच आवर घालावा लागतो, नाहीतर डोक्यावर बसतात.

१९ दै
दहा नकाशे तयार. उत्तर दिशेच्या बाणाला पिसं काढली आहेत. घरमालकाचं नाव मराठी, उर्दू आणि इंग्रजीत. तीन-चार घरांचं दार कुठल्या अंगाला आहे ते आठवेना. तिथं पूर्वेला दाखवलं. पूर्व कधीही चांगली.

पेशकारानं सगळे उलगडून पाहिले आणि एकही चूक काढली नाही. काढायला जागाच नव्हती.

३ बहमन
इन्स्पेक्टर अठराला येणार. कोटाला इस्त्री केली. मुलाखतीत सोलापूरचा विषय मी स्वतः काढणार नाही. त्यांनी विचारलं तर अर्धा तास सांगेन.

सनद आली की अण्णारावांचं बाजारातलं नवं दोन मजली घर माझ्याच सहीनं होणार. ते तसं म्हणाले आहेत. म्हणजे, सनद असंल त्याच्याकडं जाऊ, असं म्हणाले. एकूण एकच.

१८ बहमन, दुपार
रागात लिहितोय म्हणून अक्षर असं.

पहिलं घर अण्णारावांचं. माझ्या नकाशात अठरा फूट. टेपनं भरलं सोळा. मी म्हणालो, टेप ताणली गेली असेल. इन्स्पेक्टर म्हणाले, टेप ताणून दोन फूट कमी भरत नाहीत, पण असू द्या, पुन्हा मोजू. पुन्हा सोळा. मी म्हणालो, मातीचं घर आहे, बसतं. ते म्हणाले, उंचीत बसतं जनाब, लांबीत बसत नाही.

दुसरं बब्रुवानचं. नकाशात अठरा, टेपनं वीस. हे घर वाढलं होतं.

तिसऱ्या घरी दार उत्तरेला. नकाशात पूर्वेला. मी स्पष्ट सांगितलं, नकाशा बरोबर आहे, घर चुकलंय. इन्स्पेक्टर म्हणाले, बरं जनाब, तसं लिहून घेतो. हा माणूस ओरडला असता तर मी दोन शब्द सुनावले असते. तो अदबीनं बोलत राहिला, त्यानं माझ्या अंगाची जास्त आग झाली.

त्याच दिवशी, चार वाजता
उरलेलं लिहून टाकतो, नाहीतर आतल्या आत फुटेन.

मी सगळ्यांदेखत नागप्पाला धरलं. म्हणालो, तू मला खोटी मापं दिलीस. तो म्हणाला, न्हाय साहेब, मापं खरीच हायेत. आपल्याकडं ज्याचं घर त्याच्याच हातानं आखत्यात, कोपरापासून मधल्या बोटापातूर. अण्णाराव बुटकं, त्येंचा हात ल्हान. बब्रुवान ताडमाड, त्येचा हात मोठा. म्या त्याच दिवशी बोललो हुतो.

इन्स्पेक्टरांनी विचारलं, मग कुणाचा हात केवढा हे तुझ्या लक्षात कसं राहतं? नागप्पा घरी गेला आणि एक टोपलं घेऊन आला. त्यात सुताच्या दोऱ्या. एकेका घरमालकाची एकेक दोरी, हाताहाताला गाठ मारलेली, टोकाला ओळखीची चिंधी. बारा वर्षांत मी हे टोपलं पाहिलं नव्हतं. मला कुणी दाखवलंही नाही.

दहाही घरं दोरीनं ताडली. बोटभर फरक नाही. इन्स्पेक्टर पँटची घडी न बघता खाली जमिनीवर नागप्पाशेजारी बसले आणि दोऱ्या बघत राहिले. मी छत्री धरून उभा. मला बसा असं कुणी म्हणालं नाही.

शेवटी त्यांनी मालकांना विचारलं, घर कुणी बांधलं? बब्रुवान म्हणाला, साहेब यायचे की रोज. च्या प्यायचे, लिंबाखाली बसायचे. घर नागप्पानं बांधलं. याच बब्रुवानच्या बायकोला, कडूबाईला, चूल कुठं ठेवावी ते मी सांगितलं होतं. त्यावर कडूबाई म्हणाली, ती म्या दुसऱ्या दिशी हालवली. सगळे हसले. इन्स्पेक्टरही हसले. नागप्पा तेवढा हसला नाही, त्याचाही मला रागच आला.

२५ बहमन
हुकूम आला. दहा उभी घरं रुजू, म्हणजे ताडून जुळली. सनद नागप्पाच्या नावानं. माझी दरख्वास्त खारीज. इम्तेहानासाठी नाव द्यायची मुदत परवाच संपली.

ज्याला सही करता येत नाही त्याला सहीचा अधिकार. सात पानी तक्रार लिहिली. या राज्यात विद्येची किंमत नाही, हे तीनदा लिहिलं. नंतर फाडली. उर्दूत चुका निघाल्या असत्या आणि पेशकारानं त्या कचेरीत वाचून दाखवल्या असत्या.

२८ बहमन
सत्यभामा ट्रंक भरतेय. वाशीला निरोप गेला. जाणं तात्पुरतं आहे असं मी तिला सांगितलं. ती हो म्हणाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

वाशीला मला साहेब म्हणणारं कुणी नाही. रामकिसन मला महारुद्र म्हणतो, नुसतं महारुद्र. बारा वर्षं इथं कोट घालून हिंडलो.

२ इस्फंदार
सकाळी नागप्पा दारात. आत ये म्हटलं नाही, तर पायरीवर बसला. म्हणाला, अण्णारावांचं बाजारातलं घर मला आलंय. कचेरीला फुटाइंचाचा कागुद लागतोय. मला तर ल्ह्याया येत न्हाय. तुमी कागुद काढा, म्या खाली आंगठा देतो.

मी म्हणालो, चालता हो. तो चालता झाला नाही. सत्यभामानं त्याला चहा दिला, मला न विचारता. चहा पिऊन म्हणाला, साहेब, तुमच्या रेघा लई सरळ असत्यात. त्ये कुटं चुकीचं हाय?

विचार केला. निर्णय असा की नागप्पाला माझ्या फर्ममध्ये घ्यायचं. डोकं माझं, अंगठा त्याचा. ट्रंक पुन्हा रिकामी केली.

५ इस्फंदार
नकाशा झाला. नागप्पानं तो बराच वेळ बघितला. आधी उलटा, मग सुलटा, मग एका जागी बोट ठेवून बसला. माझा नकाशा इतका वेळ आजवर कुणीच बघितला नव्हता. म्हणाला, जिना हितं घेतला तर गोठ्यात बैल आत घ्याया जागा ऱ्हायना. बैल शिंगं कुटं घालंल?

मी तासभर भांडलो. जिना, हवा, उजेड, सोलापूर, सगळं समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि बोट काही उचललं नाही. शेवटी जिना रबरानं खोडला. बैल खरंच गेला नसता.

कागदाच्या शेवटी दोन रकाने आहेत. ‘नकाशा करणार’ याच्यापुढं त्याचा अंगठा उठला. ‘लिहिणार’ याच्यापुढं माझी सही. पेशकारानं शाई सुकेपर्यंत कागद सगळ्यांना दिसेल असा धरून ठेवला.

८ इस्फंदार
अण्णारावांच्या जागेवर आखणी. कचेरीचा हुकूम आहे की माप टेपनंच. नागप्पाला टेपवरचे आकडे वाचता येत नाहीत, म्हणून मी वाचायचे. सकाळपासून उन्हात. कोट काढून ठेवावा लागला, टेप धरायला वाकावं लागतं. मी आकडा सांगतो, तो अण्णारावांच्या दोरीनं ताडतो आणि मग खुंटी ठोकतो.

बाराच्या सुमारास अण्णारावांच्या आई रुद्रम्मा भाकरी घेऊन आल्या. त्यांना आता फार दिसत नाही. माझ्याजवळ येऊन बघितलं आणि नागप्पाला विचारलं, ह्यो गडी नवा ठिवलास काय रं?

नागप्पाचा चेहरा पडला. तो हातातली खुंटी टाकून उठायला लागला.

मी खाली वाकूनच म्हणालो, व्हय आक्का, नवाच हाय.

त्यांनी माझ्या हातावर भाकरी ठेवली.