बापूजींची बेबी मोटार

आरमोरी, जि. चांदा
१० मार्च १९५७

तीर्थरूप दादांस,

प्रेमिलाचा वाकून नमस्कार. वहिनींनाही सांगा. त्यांच्या गुडघ्याला तेल लावून उपयोग झाला की नाही, ते तुम्ही लिहिलंच नाही. इथे मोहफुलं पडायला लागली आहेत. सकाळी अर्धं गाव टोपल्या घेऊन रानात असतं आणि दुपारपर्यंत अंगणाअंगणांत वाळवण पसरलेलं. गोडसर, आंबूस वास घरात भरून राहतो. आमचं सगळं ठीक आहे.

तुमचं पत्र मिळालं. ‘गुणवंतरावांनी दिवाळीपासून दोन ओळी का लिहिल्या नाहीत?’ म्हणून रागावला आहात. रागावू नका. यंदा रोगी फार आहेत. हे तुमची आठवण रोज काढतात.

आज लिहिते आहे ती मोटारीबद्दल. आम्ही इथे दवाखाना थाटला तेव्हा तुम्ही तुमची अमेरिकन गाडी आम्हाला दिलीत. जंगलातल्या गावांना डॉक्टर पायी कसा पुरेल, म्हणालात. त्या गाडीने तुमचा शब्द राखला. पण तिची भूक तुम्हाला ठाऊकच आहे. वडश्याहून पेट्रोलचे डबे आणायचे, फडक्यातून गाळून ओतायचे, आणि गडचिरोलीला जाऊन आलं की डबा खडखडीत.

वडश्याला बापूजी म्हणून लाकडाचे ठेकेदार आहेत. त्यांच्याकडे एक लहान विलायती गाडी आहे. सगळे तिला बेबी मोटार म्हणतात. आता त्यांना रानात मजूर न्यायला मोठी गाडी हवी आहे. ते म्हणाले, ‘अदलाबदल करू. आधी दोघंही वापरून पाहू.’ म्हणून आठवडाभरासाठी बेबी आमच्या दारात आहे आणि आपली त्यांच्याकडे.

दादा, गंमत ऐका. ज्या डब्यात आपली गाडी गडचिरोली करते, त्याच डब्यात बेबी गडचिरोलीला जाऊन आली, दुसऱ्या दिवशी वैरागडला गेली, आणि काडी घालून पाहिलं तर टाकीत अजून शिल्लक. मला चैन पडेना. बॉनेट उघडून पाहिलं. इंजिन कसलं, शिवणयंत्राचं थोरलं भावंड! एवढंसं यंत्र एवढं पळतं कसं, म्हणून ह्यांना विचारलं. हे म्हणाले, ‘आपली गाडी म्हणजे दोघांच्या भातासाठी लग्नाची चूल पेटवलेली. आच सगळी बाहेरच जाते.’ मग मी विचारलं, चढावावर हिला दम लागतो तो का? म्हणाले, ‘लागणारच. खालचा गियर टाकायचा, चिडायचं नाही.’ ते खरं निघालं. दुसऱ्यात टाकली की गुरगुरत चढते. क्लचही मऊ आहे, पाय सहज पुरतो.

पण खोटही आहे. पोट जमिनीला फार जवळ. पावसाळ्यात नाल्यात उतरली तर आत मासे शिरतील. आणि दुसरं म्हणजे रोगी आडवा कसा न्यायचा? मोठ्या गाडीत मागच्या बैठकीवर माणूस निजून जातो. मी डोमाला बोलावलं. मागच्या तळ्यावर जाळं टाकणारा धिवर, सहा फूट उंच. म्हटलं, मागे आडवा हो बघू. बिचारा झाला. दोन्ही पाय खिडकीतून बाहेर.

‘बाई,’ आतूनच ओरडला, ‘मी बिमार पडलो तं मले बैलबंडीनंच न्या जी! ह्या गाडीत माह्ये पाय इथीच राह्यतीन.’

हे इतके हसले की ठसका लागला. पण तेव्हापासून माझं मन मागेपुढे होतं आहे. गाडी तुमची, तुम्ही हौसेने दिलेली. खर्च वाचतो म्हणून ती द्यावी का? तुमचं मत उलट टपाली कळवा.

१४ मार्च

पत्र पाकिटात घालायचं राहिलं. बरंच झालं.

परवा सकाळी लालसू सायकल दामटत आला. हा कुरखेड्याच्या वाटेवरच्या रानातल्या गावचा गोंड. त्याची बायको बुधरी आदल्या दिवसापासून बाळंतपणात अडली होती. तिला ब्रह्मपुरीच्या लेडी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, आणि दारात होती ती बेबी.

ह्यांनी गाडीत वाकून पाहिलं. मग म्हणाले, ‘प्रेमिला, पुढची डावी बैठक निघते का बघ.’

डोमाने पान्याने बोल्ट सोडवले. बैठक निघाली. मागे डोकं, पुढे पाय असं माणूस तिरकं निजू शकतं हे तेव्हा दिसलं. चार दिवस मी मागच्याच बैठकीकडे पाहत बसले होते!

आता मात्र लिहायलाच हवं. कारण पुढचं सांगताना गाडी कोण चालवत होतं ते लपवता येत नाही. मी चालवत होते.

दिवाळीनंतर, मार्गशीर्षात, आम्ही एका गावाहून परत येत होतो. भरदुपार. धानाच्या कापण्या झालेल्या. एकाएकी गाडी सडक सोडून शेताच्या बांधीत उतरली आणि धानाच्या तणसात रुतून थांबली. ह्यांचा उजवा हात चक्रावरून खाली पडला होता. ते शांतपणे म्हणाले, ‘प्रेमिला, माझा हात कुठे गेला बघ.’

मांडीवरच होता, दादा. मी तो उचलून धरला आणि त्यांना कळलं नाही.

बोलणं शाबूत होतं, डोकं शाबूत होतं. आपल्याला काय झालंय ते माझ्या आधी त्यांना कळलं. त्यांना कसंबसं बाजूला सरकवलं आणि मी चक्राशी बसले. दहा वर्षं शेजारी बसून पाहिलं होतं, तेवढीच माझी शाळा. पहिल्या गियरमध्ये आरमोरीपर्यंत आले. दुसरा टाकायची छाती झाली नाही.

पाय सुधारला. काठीने चालतात. हात नाही सुधारला. आता ते रोग्याला तपासतात, मी सुई टोचते. पाठीला उशी लावून, बैठकीच्या काठावर येऊन मी मोठी गाडी शिकले. चांद्याला परीक्षा द्यायला गेले तर तिथले साहेब गाडीभोवती फिरून विचारतात, ‘चालवणारा कुठे आहे?’ मी म्हटलं, बसलीय. लायसन मिळालं. पण त्या गाडीचं चक्र वळवताना खांद्यातून जीव जातो. खर्चाचं कारण खोटं नाही. तेवढंच नव्हतं, इतकंच.

परवा लालसू सडकेवरून सायकलने पुढे, आम्ही मागे. गावात पोचलो. बुधरीला बायांनी उचलून आणलं. ह्यांना मागे बसलेलं पाहून लालसूचं तोंड पडलं.

‘डाक्तर मांग काऊन बसून राह्यले? गाडी कोन चालवते?’

‘बाई चालवते,’ हे म्हणाले. ‘तू माझ्याजवळ बैस. उशीर नको करू.’

बुधरीचे पाय माझ्या डाव्या कोपराशी, डोकं ह्यांच्या मांडीवर. त्यांची डाव्या हाताची बोटं तिच्या नाडीवर. ती ओरडत नव्हती, त्याचीच मला भीती वाटत होती. रस्ता असा, की प्रत्येक दगड मला माझ्या पोटात लागत होता. हे मागून एवढंच म्हणत, ‘चांगलं चाललंय. घाई नाही.’ घाई होती. मला त्यांच्या आवाजावरून कळत होती.

वैनगंगेच्या पात्रात वाळूवर बांबूचे तट्टे अंथरलेत, पाण्यावर उन्हाळ्यापुरता लाकडी पूल आहे. पाण्याच्या अलीकडे मागचं चाक तट्ट्यावरून घसरलं आणि रुतलं. मोठी गाडी अशी रुतली की बैल येईपर्यंत बसून राहायचं. गेल्या साली बसलो होतो. मी दार उघडून उतरले तोवर टरबुजांच्या वाडीवरची माणसं धावत आली. त्यांनी आणि लालसूने मागची बाजू धरली, ‘हं, बोला!’ म्हणाले आणि बुधरीसकट गाडी उचलून तट्ट्यावर ठेवली. बकरी उचलून ठेवतात तशी.

एक म्हातारा खिडकीत वाकून म्हणाला, ‘जा वं माय, जा. थांबू नोको.’

नाही थांबले.

मुलगी झाली. बुधरी अशक्त आहे, पण काल तिने पेज मागून घेतली. लेडी डॉक्टर म्हणाल्या, अजून तासभर गेला असता तर दोघींचं कठीण होतं. लालसू तिथेच राहिला.

परतताना नदीकाठी गाडी उभी केली. ह्यांनी डाव्या हाताने तिच्या टपावरची धूळ झटकली. मग म्हणाले, ‘हीच घेऊ. मोठीशी झगडताना तुझे खांदे मला पाहवत नाहीत.’

‘आणि पावसाळ्यात?’

‘पावसाळ्यात सडकेपर्यंत ही, पुढे बैलबंडी. मला बंडीत बसता येतं अजून.’

मग मी रडले, दादा. तीन महिन्यांत पहिल्यांदा. त्यांनी रडू दिलं.

तुम्हाला हे कळवलं नाही, कारण मी तुम्हाला ओळखते. कळताच तुम्ही आला असता आणि आम्हाला नागपूरला नेलं असतं. मागची खोली रिकामी करून दिली असती, मोठा डॉक्टर आणला असता. तुमच्या मायेत खोट नाही. पण तुमच्या ओसरीवर सकाळभर वर्तमानपत्र घेऊन बसलेले हे मला पाहायचे नव्हते. इथे अजून लोक त्यांना विचारतात, ‘डाक्तर, मले काय झालं?’ आणि ते सांगतात.

काल बापूजींना होकार कळवला. वर तुमचं मत मागितलं आहे, ते खोडलं नाही. पण आता मत नको, तुम्ही या. रागावलेले असलात तरी या. येऊन त्यांच्यासमोर बसा, त्यांच्या हाताकडे पाहू नका, नेहमीसारखी बुद्धिबळात त्यांची खोडी काढा. वहिनींनाही आणा. गाडीचा दिवस कळवा. वडश्याच्या स्टेशनावर मी घ्यायला येईन.

एकटीच येईन.

आरमोरीचीच राहिलेली तुमची धाकटी,
प्रेमिला