लुएलाताईची रिव्हॉल्व्हर

मड क्रीक, आर्कान्सा
६ एप्रिल

चि. हॉलिस यास,
लुएलाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा उजवा कान अजून बंदच आहे असं तुझी बायको अर्डिथ म्हणाली, म्हणून फोनच्या नादी न लागता लिहिते आहे. मागच्या वेळी मी छप्पर गळतंय म्हणून सांगत होते आणि तू माझं अभिनंदन करत होतास.

तर ऐक. मला एक हातबंदूक घ्यायची आहे. हसू नकोस. एमेट गेल्यापासून मी या घरात एकटी राहते, त्याचं मला काही वाटत नव्हतं. पण गेला आठवडाभर दिवस मावळला की कुणीतरी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराची मूठ खाली दाबून बघतं. आधी हळूच, मग जोरात. मी दिवा लावला की पावलं निघून जातात. शेरीफच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, येतो, पण डोंगर उतरून यायला तासभर तरी लागेल. तासाभरात काय, चोर जेवून, भांडी घासून जाईल.

एमेटची लांब बंदूक जावयाला देऊन टाकली, आणि असती तरी मला ती उचलवत नव्हतीच. माझ्याकडे तीनशे डॉलर आहेत. बाकीचे छपराचे आहेत, त्यांना हात लावणार नाही. तू इतकी वर्षं शेरीफच्या खात्यात काढलीस. सांगितल्यावर हमखास उडेल आणि न सांगता कधीही उडणार नाही, अशी कुठली घेऊ? नाहीतर तुझ्याकडे एवढी पिस्तुलं आहेत, त्यातलंच एखादं पाठवून दे ना.

अर्डिथला सांग, तिच्या लोणच्याच्या काकड्या संपल्या. उत्तर लवकर लिही, आणि दोघं प्रकृतीला जपा.

तुझी,
लुएलाताई


कर्नी, नेब्रास्का
११ एप्रिल

ती. लुएलाताईस,
हॉलिसचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून माझं जेवणातलं लक्ष उडालं. पहिलं म्हणजे, तू इकडे निघून ये. मागची खोली रिकामी आहे, ऊन छान येतं. मी तिला पिवळा रंगही लावायला घेतला आहे. हे मी दोन वर्षं सांगतो आहे आणि तू दोन वर्षं ऐकू येत नसल्यासारखं करते आहेस. कान माझा गेलाय, तुझा नाही.

येणार नसशीलच तर नीट वाच. रिव्हॉल्व्हर घे, म्हणजे काडतुसांचं गोल चक्र फिरतं ती. अडतीस बोअरची, पोलादी, चार इंची नळीची. जुनी चालेल, पण नावाजलेल्या कारखान्याची हवी. तीनशेत नवी कोरी मिळते म्हणून कुणी हातात दिली तर परत ठेव. एवढ्या पैशात चांगली जुनी येते किंवा वाईट नवी. बायकांसाठी म्हणून दुकानदार छोटीशी हलकी दाखवेल. तिला भुलू नकोस. जितकी हलकी तितका हाताला हिसका जास्त. चक्र बंद करून हलवून बघ, खुळखुळता कामा नये. आधी रिकामी आहे याची खात्री कर, मग नळीत उजेड पाडून आतून बघ. गंजाचे खड्डे दिसले तर चालू लाग. आणि सगळे पैसे बंदुकीवर उडवू नकोस. कुलपाची पेटी, काडतुसं आणि शिकवणी यांना पैसे ठेव. न शिकता बंदूक घरात ठेवणं म्हणजे न शिकता दात काढणं.

माझ्याकडचं एखादं पाठवता येणार नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात असं टपालाने पाठवायला कायद्याने बंदी आहे. त्याबद्दल पुन्हा विचारू नकोस.

दाराला आतून खुर्ची लाव. माझा जीव तिकडेच आहे, तेवढं ध्यानात असू दे.

तुझा,
हॉलिस


मड क्रीक
१९ एप्रिल

चि. हॉलिस यास,
अ. आ.

काल बॉइडच्या दुकानात जाऊन आले. बॉइड म्हणजे गावाबाहेर गळ, गांडुळं आणि बंदुका विकतो तो. मी तोंड उघडायच्या आत त्याने एक गुलाबी पिस्तूल पुढे केलं. मी म्हटलं, "मी बंदूक घ्यायला आलेय, पर्स नाही." बिचारा ओशाळला.

मग त्याने एक काळं चपटं पिस्तूल दिलं. ते वापरायच्या आधी वरचा भाग मागे ओढावा लागतो. पन्नास वर्षं पीठ तिंबलेले हात आहेत माझे, पण हा अंगठा सांधेदुखीने गेलाय. मी ओढलं, बॉइडने ओढायला मदत केली, आणि शेवटी काउंटरवरचा गांडुळांचा डबा तेवढा सांडला. मग दोघंही गुडघ्यांवर बसून गांडुळं वेचत होतो. तेवढ्यात त्याच्याकडे एक अगदी स्वस्त, नवं, चकचकीत दिसलं. ते कसं आहे विचारलं तर तो म्हणाला, न आवडणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलंय. दर तिसऱ्या गोळीला अडकतं म्हणे. माणूस प्रामाणिक आहे. तुझ्या वर्णनाची रिव्हॉल्व्हर मात्र त्याच्याकडे नव्हती, आली की कळवतो म्हणाला.

चूक एवढीच झाली, की रविवारी चर्चच्या जेवणात मी पाद्रीबाईंना हे सांगितलं. पानात बटाट्याचा कॅसरोल पडायच्या आत अख्खं टेबल माझ्या मदतीला धावलं. ज्याच्या त्याच्या मते त्याचीच बंदूक उत्तम. चर्चचे दोन म्हातारे पंच नऊ एमएम बरी की पंचेचाळीस बोअर यावरून इतके पेटले, की एकाने दुसऱ्याच्या आईच्या स्वयंपाकावर घसरायचं तेवढं बाकी ठेवलं. शेवटी सगळ्यांना शांत करायला पाद्रीसाहेब उठले, त्यांनी प्रभूवरच्या विश्वासाबद्दल चार शब्द सांगितले, आणि बसताना पॅन्टचा पाय वर झाला. घोट्याला पट्ट्यात पिस्तूल. कॅसरोल गार झाला.

दार अजून रोज हलतं. काल मूठ पूर्ण खाली गेली. कडी होती म्हणून वाचले. खोटं कशाला सांगू, रात्रभर खुर्चीत बसून होते.

तुझ्या पिस्तुलांबद्दल विचारू नकोस म्हणालास, म्हणून विचारत नाही. पण तू चिडून लिहितोस तेव्हा अक्षर उजवीकडे झुकतं, हे मला तुझ्या दुसरीपासून माहीत आहे.

तुमची आठवण काढणारी,
लुएलाताई


कर्नी
२४ एप्रिल

ती. लुएलावन्संना,
अर्डिथचा सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या भावाला न दाखवता टाकते आहे. वाचलंत की चुलीत घाला.

तुम्ही विचारलंत आणि त्यांनी विषय तोडला, त्याचं कारण असं. जानेवारीत हे तळघरात बसून पिस्तूल साफ करत होते. रिकामं आहे, मी स्वतः बघितलंय, असं दोनदा म्हणाले. ते उडालं आणि गोळी मोठ्या फ्रीझरला लागली. आरपार. त्या दिवशी अर्धी गाय आणून भरली होती आम्ही. मी फ्रीझर बंद पडलाय हे चौथ्या दिवशी वासावरून ओळखलं, कारण यांनी भोकावर मुलांच्या शाळेचं जुनं कॅलेंडर लावून ठेवलं होतं. कान तेव्हाच गेला. तळघरात एवढा आवाज झाल्यावर दुसरं काय होणार? त्यानंतर मी सगळी पिस्तुलं उचलून माझ्या भावाच्या तिजोरीत ठेवली आणि किल्ली माझ्याकडे.

पण वन्सं, त्यांनी तुम्हाला लिहिलंय ते सगळं बरोबर आहे हो. लोकांना सांगतात तेव्हा हे कधीच चुकत नाहीत. आणि तुमच्या पत्रासाठी दिवसातून तीनदा पेटीपर्यंत जाऊन येतात, टपाल एकदाच येतं हे माहीत असून.

काकड्या पाठवल्या आहेत. मी काही बोलले नाही, एवढं लक्षात ठेवून माया असू द्या.

आपली,
अर्डिथ


मड क्रीक
७ मे

चि. हॉलिस यास,
अ. आ.

घेतली. बॉइडकडे एका पहारेकऱ्याची जुनी रिव्हॉल्व्हर आली, अडतीसची, पोलादी, चार इंची. चक्र हलवून बघितलं, नळीत उजेड पाडून बघितलं. मुठीचं लाकूड झिजलंय, पण आत गंजाचा ठिपका नाही. कुलपाची पेटी आणि काडतुसं धरून तीनशेत बसलं, वर त्याने गांडुळांचा डबा फुकट दिला. आणि दर गुरुवारी खडीच्या खाणीत बर्निसबाईंची शिकवणी. बाई शाळेची बस चालवतात, त्यामुळे त्यांच्यासमोर कुणी चुळबूळ करत नाही. त्यांनी पहिला धडा दिला: बोट चापाबाहेर. दुसरा: नेम धरायच्या आधी त्याच्या मागे काय आहे ते बघ.

आता मुख्य गोष्ट. परवा संध्याकाळी मी पीचचा गोड कॉबलर भट्टीतून काढून ओट्यावर गार करत ठेवला होता आणि कडी घालायला विसरले. मूठ खाली गेली आणि दार उघडलं. मी रिव्हॉल्व्हर घेऊन, पाय फाकवून, बर्निसबाईंनी शिकवल्यासारखी उभी राहिले आणि म्हटलं, "कोण आहे ते पुढे या."

ते पुढे आलं. अस्वल होतं रे. वर्षा-दीड वर्षाचं असेल, काळंभोर. एक पंजा अजून मुठीवर ठेवून पाहुण्यासारखं उभं.

मी नेम धरला. आणि मग त्याच्या मागे बघितलं, तर अंगणातली गॅसची टाकी. चुकले असते तर मी, अस्वल आणि घर सगळेच एमेटकडे गेलो असतो. मग मी बंदूक खाली घेतली आणि तू चिखलाचे बूट घालून आत यायचास तेव्हा ओरडायचे तशी ओरडले, "बाहेर हो आधी!" ते दचकलं. पण ओट्यावरचा कॉबलर, भांड्यासकट, तोंडात धरूनच गेलं.

त्यानंतर मी खाली बसले आणि अर्धा तास रडले. मग बॉइडकडून गोल मूठ आणून दाराला बसवली. अस्वलाला गोल मूठ फिरवता येत नाही म्हणे. बारा डॉलर.

बर्निसबाईंचं म्हणणं पटलं. मागे काय आहे ते बघायलाच हवं, मग ती टाकी असो की फ्रीझर.

अर्डिथला काकड्या पोचल्या म्हणून सांग. आशीर्वाद आहेतच.

लुएलाताई


कर्नी
१२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फ्रीझर. मी सकाळपासून या घरात कुणाशी बोललेलो नाही. अर्डिथ म्हणते तिने काही लिहिलं नाही. मग अस्वलाने लिहिलं असेल.

असो. आता बारा डॉलरच्या मुठीने काम झालंय, तर ती रिव्हॉल्व्हर बॉइडला परत विक आणि इकडे ये. आज दारात अस्वल आलं, उद्या माणूस येईल. टपाल यायला उशीर झाला की मला काय काय दिसतं ते तुला सांगता येत नाही. मी शेरीफच्या खात्यात होतो, एकट्या बायकांच्या घरी काय झालेलं असतं ते मी बघितलंय. खोलीला रंग लावून झाला.

रागावलो आहे, पण लोभ कमी केलेला नाही.

हॉलिस


मड क्रीक
१७ मे

चि. हॉलिस यास,
अ. आ.

येणार नाही. विकणारही नाही. तुझी काळजी खोटी नाही, म्हणून हसण्यावारी नेत नाही. पण अस्वल निघून गेल्यावर मी रडले ते भीतीने नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा मी या घरात काहीतरी ठरवलं होतं, आणि ते बरोबर निघालं होतं. इतके दिवस मी इथे एमेटच्या मागे राहिलेली म्हणून राहत होते. आता मी इथे राहते.

तूच ये. अर्डिथला घेऊन पुढच्या महिन्यात आठ दिवस या. बर्निसबाईंच्या नवशिक्यांच्या वर्गात तुझं नाव घातलं आहे, पैसे भरलेत, ते परत मिळत नाहीत.

वाट बघते,
लुएलाताई


कर्नी
३० जून

ती. लुएलाताईस,
हॉलिसचा सा. न. वि. वि.

काल सुखरूप पोचलो. अर्डिथने वाटेत कॉबलरची कृती तोंडपाठ केली.

तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या हातात बर्निसबाईंनी निळं प्लास्टिकचं पिस्तूल दिलं आणि शेजारी पाद्रीबाईंना बसवलं. मी ते टेबलावर ठेवलं तर म्हणाल्या, "मिस्टर हॉलिस, तोंड कुठे आहे त्याचं?" माझ्याच पोटाकडे होतं. सगळा वर्ग बघत होता. पण कुणी हसलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. मग खाणीत तू सहाच्या सहा गोळ्या नेमासाठी ठेवलेल्या डब्यात घातल्यास, आणि मी ऐकू न येणाऱ्या कानाने टाळ्या वाजवल्या.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तू ओसरीवर वाटाणे सोलत बसली होतीस. रानाकडे पाठ करून. अंधार पडला तरी दिवा लावला नाहीस. मी उठून दार लावायला गेलो तर म्हणालीस, "राहू दे रे, वारा येतोय." मी तसाच उभा राहिलो आणि मनात म्हटलं, झालं, हिला आता पुन्हा बोलावायचं नाही. पिवळ्या खोलीत अर्डिथ शिवणाचं मशीन ठेवणार आहे.

एक काम आहे. मी पास झालो, हे तू अर्डिथला स्वतःच्या हाताने लिहून पाठव, नाहीतर ती तिजोरीची किल्ली काही देत नाही. बर्निसबाईंच्या सहीचा कागद दाखवला, तरी ती म्हणते अक्षर माझंच आहे.

तुझ्या मायेला कायमचा धरून असलेला,
हॉलिस