थोरला न्या

मंगळवार, १२ तारीख
दुपार

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. तू आणि वहिनी बरे असाल. इथे आम्ही दोघं आहोत तसे आहोत. बाबांचं जेवण होतं, झोप होते, ऐकणं तेवढं राहिलेलं नाही. आधीची तीन पत्रं न फोडता परत आली, म्हणून या वेळी पाकिटावरचा पत्ता ऑफिसातल्या बाईंकडून टाईप करून घेतला आहे. एवढ्या लबाडीबद्दल रागावू नकोस.

“थोरला गेला तर या घरात आवाज कोण काढणार?”

बाबांचं हे वाक्य तुला माहीतच नाही. तू खाली सायकलमध्ये हवा भरत होतास. मी स्वयंपाकघरात होते आणि ते भिंतीशी बोलल्यासारखे बोलले. एकोणीस वर्षं झाली. भांडी घासताना, जिना चढताना मी ते वाक्य उलटसुलट करून बघते.

आपल्याकडे बँडमधल्या त्या दोन पितळी वाद्यांना, मोठ्या युफोनियमला थोरला आणि लहान बॅरिटोनला धाकटा म्हणायचे, हे मी मध्यंतरी वाद्यांच्या दुकानात सांगितलं तर तिथला मिस्त्री हसला. म्हणाला, दोन्ही दिसायला सारखीच, पेटीत असली तर विचारूच नका, भल्याभल्यांची गफलत होते. मी म्हटलं, हो, होते.

दुकानात कशाला गेले ते सांगते. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी बाबांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि कागदावरची रेघ मला दाखवली. वरचे आवाज सगळे गेलेत. किटलीची शिट्टी, दारावरची घंटा, मी. खालचे बऱ्यापैकी शिल्लक होते. म्हणूनच मी हाका मारमारून दमते आणि खालून ट्रक गेला की बाबा मान वर करून बघतात. बाई म्हणाल्या, खर्जातलं काही असेल घरात तर ऐकवा. मला थोरल्याचीच आठवण झाली. कुठल्या ते तूच समजून घे.

तीनदा गेले. तिथली वाद्यं दुरुस्त करणारा हा मिस्त्री स्वतः वाजवतो. फुंकून बघा ताई, म्हणाला. मी फुंकलं आणि सर्दी झालेल्या म्हशीसारखा आवाज आला. तू असतास तर ही थट्टा आठवडाभर पुरवली असतीस.

शेवटी दोन वाद्यं उरली. एक चांदीचा मुलामा दिलेलं, एक पिवळं. चार कळा दोन्हींना, तीन उजव्या हाताला आणि चौथी बाजूला, डाव्या हाताखाली. खालचे सूर चढे लागू नयेत म्हणून मागे जास्तीची नळी, तीही दोन्हींना. पण चांदीच्याचा कर्णा मोठा आणि आवाज असा की खोलीच्या कोपऱ्यापर्यंत सारखा पसरतो. आपल्या थोरल्याचा वरचा एक सूर नेहमी चढा लागायचा, तू ओठाने ओढून जागेवर आणायचास आणि बाबा पट्टीने टेबलावर ठोकत राहायचे. तो सूर चांदीच्यात जवळपास आपोआप बसतो. पिवळ्यात अजून ओढावा लागतो. मिस्त्रीने मला डोळे मिटायला लावून दोन्ही वाजवून दाखवली, आलटून पालटून. मी प्रत्येक वेळी बरोबर ओळखलं. म्हणाला, कान कुठून आणले? मी सांगितलं, बँडमास्तरांच्या घरून.

तिसऱ्या खेपेला बाबांना घेऊन गेले. त्यांना स्टुलावर बसवलं, तळवा कर्ण्याच्या कडेवर ठेवला. मिस्त्रीने खालचा सूर धरला, श्वास संपेपर्यंत. आधी एकावर, मग दुसऱ्यावर. बाबांनी डोळे मिटले होते. कारखान्याचा बँड समोर असताना मिटायचे तसेच. मग बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्याने म्हणाले, “वाद्य चांगलं आहे. पण हा थोरला नव्हे.”

मिस्त्रीला वाटलं वाद्याला नावं ठेवली. बिचारा कळा पुसत बसला.

मग त्याने विचारलं, वाजवणाऱ्याचं स्वतःचं माउथपीस असेल ना, ओठांना लावायचं, त्याची वाद्यात बसणारी दांडी जाड की बारीक? हे मला कुठून ठाऊक असणार? घरी आले आणि बाबांच्या टेबलावरचं लाकडी कलमदान दिसलं. तू रियाझ झाला की माउथपीस त्याच्या कडेच्या भोकात उभं करून ठेवायचास, बाबा शिव्या घालायचे. त्या भोकात आत एक गोल रेघ घासली गेली आहे. कलमदान पिशवीत घालून दुकानात नेलं. जाड दांडी वरच अडकली. बारीक बरोबर रेघेपर्यंत उतरली.

बारीक दांडी पिवळ्यालाच बसते. मिस्त्री म्हणाला, ताई, माउथपीसपायी असलं वाद्य सोडू नका, चांदीचं घ्या, माउथपीस नवं मिळेल. त्याचं खरं होतं. मी पिवळं घेतलं. आता ते डाव्या कोपऱ्यात आहे, थोरला असायचा तिथे.

घेतल्यावर वहिनींना फोन केला. त्यांनी तुला सांगितलं नसेल, त्यांना बोल लावू नकोस. त्या म्हणाल्या, हे कधीच वाजवत नाहीत, आणि गेल्या वर्षी पुढचे दोन दात गेले, कवळी लावतात. मी दातांच्या लॅबमध्ये दिवसभर कवळ्याच बनवते दादा. पुढचे दात गेले की ओठ कसा आत वळतो, आणि तो पितळेला पूर्वीसारखा का टेकत नाही, ते मला कुणी सांगायला नको. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, माउथपीस अजून आहे का, एवढं विचारायचं राहूनच गेलं.

आता ते सांगते, ज्यासाठी ही चार पत्रं.

तो फिरता वाद्यवाला धाकटा विकत न्यायला आला तेव्हा तू केस कापायला गेला होतास. चार दिवसांनी परगावी मोठ्या बँडसाठी तुझी निवडचाचणी होती. जिन्याशी दोन पेट्या होत्या. सगळ्यांना मी सांगितलं की मी धाकटा न्या म्हणाले आणि त्यानेच चुकीची पेटी उचलली. बाबांनी ते मानलं. तू मानलं नाहीस. “तुझे कान वटवाघळाचे. तुझी गफलत होणार नाही,” एवढंच म्हणालास. माझ्याशी बोललेलं तुझं ते शेवटचं.

मी “थोरला न्या” म्हणाले होते. त्याने हात लावून विचारलंसुद्धा, हाच ना? मी खालच्या पायरीपर्यंत पेटी धरायला मदत केली. मला वाटलं, वाद्य नसेल तर तू जाणार नाहीस. तू गेला नाहीस तर घरात आवाज राहील. तू स्टेशनवर धावलास तोवर त्याची गाडी सुटली होती. मग तू उसनं वाद्य घेऊन गेलास, त्यात तुझं माउथपीस नीट बसलं नाही, ते हलत राहिलं, आणि तुला घेतलं नाही. आणि तू परतही आला नाहीस.

बाबा कुठल्या थोरल्याबद्दल म्हणाले होते ते मी कधी विचारलं नाही. आता पाटीवर लिहून विचारता येईल. खडू हातात घेते आणि दूध आणायचं आहे असं काहीतरी लिहिते.

गेल्या आठवड्यात पुन्हा तपासणी झाली. खालची रेघही उतरते आहे. बाई म्हणाल्या, दोन महिने, फार तर तीन.

माउथपीस असेल तर घेऊन एकदा ये. गाणं नको, चाल नको. खालचा एक सूर, जेवढा श्वास पुरेल तेवढा. कवळी काढून वाजवलास तरी चालेल, फाटला तरी चालेल, त्यांचा तळवा कर्ण्यावर असेल. मी घरात नको असेन तर मी बाहेर जाते, तू गेल्याशिवाय परत येत नाही. तू नाही म्हणशील. तुझ्या जागी मीही नाहीच म्हणाले असते. तरी कलमदान धुऊन पुसून टेबलावर ठेवलं आहे. येशील का?

थोरल्याला खालच्या पायरीपर्यंत सोडणारी,
धाकटी